सतारीच्या तारा

"कुमुद, तुझ्या कार्डाचा नवा नंबर सांग गं," संगणकापुढून वामनराव ओरडले. बँकेनं नवराबायकोची कार्डं बदलली होती आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे नंबर भरल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागणार नव्हतं.

"मी नवं घेतलंच नाही. नको म्हणून कळवलं."

"फुकट होतं की!"

"वापरते कुठे? दोन वर्षं झाली."

खरं होतं. बायको काटकसर शिकली, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत. सॉफ्टवेअरमधलं तिच्या कार्डाचं खातं बंद करण्यापूर्वी त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. तिच्या प्रत्येक खर्चापुढे, जेवताना विचारायचं म्हणून, त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. चप्पल? बहिणीला साडी? शेवटची नोंद होती, सतारीच्या तारा? त्या जेवणानंतर तिनं तारा दुकानात परत केल्या होत्या. पैसे जमा झाले, म्हणून त्यांनी पुढे बरोबरची खूणही केली होती.

कोपऱ्यातल्या सतारीच्या गवसणीवर धूळ होती. वामनरावांनी आपल्या नव्या कार्डावर मुकाट्यानं तारा मागवल्या आणि पहिली नोंद केली, प्रश्नचिन्हाशिवाय.

पडद्यावरचं वाचून ती हसली. "आता बोटं वळत नाहीत हो. परत पाठवा, पैसे तरी मिळतील."