पस्तिसावा मार्क

"तुझं नाव गाळलं," आबासाहेब मास्तर म्हणाले. "नगरहून कागद आलाय. जो नापास, तो सामन्यात नाही."

हैदर मधल्या रेघेवर उभा राहून धापा टाकत होता. मांडीवरची माती झटकत तो हसला. "मंग आता वं, मास्तर?"

"आता काय! गेल्या साली इंग्रजी सहावीत होतास, ह्या साली परत सहावीतच. एप्रिलात पास झालास तर दिवाळीनंतर कॅप्टन म्हणून नगरला नेतो. नाही झालास तर बस घरी शेंगा फोडत."

"शेंगा बी लई म्हागल्यात, मास्तर."

पोरं खिदळली. मास्तरांनी आपलं हसू मिशीत दाबलं.

जर्मन-जपानची लढाई थांबून पहिलाच हिवाळा होता. बेलापूरच्या पोरांनी हुतूतूत सोनईकडून सलग तीन सालं मार खाल्ला होता, आणि हे साल निराळं व्हावं असं वाटायला एकच कारण होतं, हैदर. पाच जणांनी धरला तरी प्रवरेतल्या वाम माशासारखा सुटून यायचा. वर येता येता गुणांची बेरीजही सांगायचा. "येकवीस-सतरा झालं, मास्तर. चार वर हाय आपुन."

वर्गात मात्र ह्याच पोराला साधं त्रैराशिक सुटायचं नाही. मास्तर डोकं धरून बसायचे.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. हैदरला ते ठाऊक होतं, म्हणून तो जरा जास्तच लाडात यायचा. एकाच गोष्टीवरून दोघांचं वाजायचं. खेळ ऐन रंगात आला की पाचवीचा वर्ग सुटायचा, आणि हा गडी सदरा खांद्यावर टाकून चालू पडायचा.

"अख्तरीला सोडून येतो, मास्तर."

"अरे, तिला रस्ता माहीत नाही का?"

"तिला रस्ता म्हाईत हाय. पर रस्त्यावरची मान्सं अब्बाला म्हाईत हायेत."

नदीपलीकडं दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. बहिणीचं दप्तर ह्याच्या खांद्यावर, आणि ती दोन पावलं मागं. परत येईस्तोवर निम्मा खेळ उरकलेला असायचा. मास्तर तोंडानं शिव्या द्यायचे आणि त्याच्यासाठी एक डाव राखून ठेवायचे.

मग त्यांनी रविवारी सकाळी आपल्या घराच्या ओट्यावर शिकवणी धरली. रॉकेल रेशनवर, तेव्हा दिवसाउजेडीच. अख्तरी खांबाला टेकून आपलं पुस्तक वाचायची. झुंबरबाई, म्हणजे मास्तरीणबाई, दोघांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायच्या.

"एक तोटी हौद सहा तासांत भरते, दुसरी तीन तासांत. दोन्ही सोडल्या तर किती वेळ?"

हैदरनं बराच विचार केला. "हौदाला भोक असंल तर, मास्तर?"

"भोक तुझ्या डोक्याला आहे!"

"दोन तास," अख्तरी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"बघ! एक इयत्ता मागं आहे तुझ्या. लाज वाटू दे."

लाज कसली! एका दमात तिघं बाद करून यावं तसा हैदर फुलून बसला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "मास्तर, ही मॅट्रिक हुईल का न्हाई?"

"ती होईल रे. इंग्रजी सातवी झाली की मॅट्रिकच. तुझं काय?"

"माजं बगू की."

एप्रिलात परीक्षा झाली. बाकीच्या विषयांत हैदर निघाला. गणिताचा पेपर मास्तरांच्याच हाती आला. चौतीस. पासाला पस्तीस लागत. त्यांनी तीनदा बेरीज केली. चौतीसच.

शेवटी ते एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. चौथा प्रश्न हौदाचाच होता, फक्त आकडे निराळे. रीत बरोबर, उत्तरही बरोबर. आणि त्या सगळ्यावर एक जाड, आडवी रेघ.

"घाबरलं पोर," मास्तर पुटपुटले. "येत होतं, अन् घाबरून खोडलं."

ते पेपर घेऊन हेडमास्तरांकडं गेले. हेडमास्तरांनी चष्मा सरकवून पाहिलं. "रीत बरोबर आहे ना? मग द्या एक मार्क. लबाडी नाही त्यात काही."

मास्तरांनी लाल शाईनं पस्तीस लिहिले. मास्तरांच्या घरात आनंद मावेना, झुंबरबाईंनी तर लगेच पेढ्यांचा पुडा आणवला. निकाल उद्या लागायचा होता, पण मास्तरांना दम निघेना. उन्हातच ते नदी ओलांडून गेले.

हैदरचा बाप अजीज नालबंद. बाभळीखाली बैल आडवा पाडून त्याच्या खुरांना पत्र्या ठोकत होता. खिळे दातात धरलेले. हैदर बैलाचं शिंग दाबून बसला होता. अख्तरी दारात सुपानं तांदूळ पाखडत होती.

"अजीजभाई, पोरगं पास! सातवीत गेलं! एक मार्क कमी पडत होता, पण रीत बरोबर होती, दिला आम्ही."

अजीजनं दातातले खिळे काढले, हात पुसला, पेढा कपाळाला लावला. "अल्लाची मेहेरबानी. तुमचे लई उपकार, मास्तर. म्हंजी आता त्याचं येकच साल ऱ्हायलं."

"आणि अख्तरी सहावीत. पहिली आलीय! मॅट्रिकला तिला आता दोनच सालं."

"दोन कशाची?" अजीज सरळपणानं म्हणाला. "भाई शाळंत हाय तवर ती जाईल, असा सबूद हाय माजा. त्याची शाळा सुटली की तिची बी सुटली. येकट्या पोरीला नदीपार कोन धाडतंय?"

दारात सूप वाजायचं थांबलं.

हैदरनं बैलाचं शिंग सोडलं नव्हतं. मास्तरांनी दिलेला पेढा दुसऱ्या मुठीत तसाच होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, त्यो एक मार्क माघारी घेता येतो का वं?"