पुस्तकं लिहिलेलं खोकं

दार उघडल्या उघडल्या विगवालीनं तिला ओळखलं. कधी पाहिलं नव्हतं, फोनवरच काय ते बोलणं. पण भर दुपारी डोक्याला घट्ट रुमाल बांधून, पेन्सिलीनं भुवया काढून दारात उभी राहणारी बाई दुसरी कोण असणार?

“पाच तास बसमध्ये बसून आले,” बाई म्हणाली. “पार्सल वाटेत आहे, वाटेत आहे, असं महिनाभर ऐकतेय. म्हटलं, आता आपणच निघावं.”

चोराच्या मनात चांदणं. विगवालीनं पाणी दिलं, पंखा वाढवला, पुन्हा पाणी विचारलं. खोली एवढीशी. खिडकीशी लाकडी डोकं, त्यावर जाळी, जाळीत कुणाचे तरी भुरे केस अर्धवट ओवलेले. एकेक केस आकड्यानं ओढून गाठ मारायची, एका विगला पाच आठवडे. कॅन्सरची औषधं सुरू होण्याआधी बायका आपलेच केस कापून पाठवायच्या आणि विग होऊन ते त्यांच्याकडे परत जायचे. या बाईची वेणी आली होती ती कमरेइतकी लांब आणि मनगटाएवढी जाड. असा माल नशिबानं हाताला लागतो, असं तेव्हा विगवालीच्या मनात आलं होतं. मग तिची तिलाच लाज वाटली होती.

“सापडलं का हो?” बाईनं विचारलं.

ते विगवालीला कालच कळलं होतं. घोडं कुठं पेंड खातंय ते शोधत ती पोस्टातल्या चार खिडक्या फिरली आणि पाचव्या खिडकीतल्या कारकुनानं वही उघडली. पत्त्याची चिठ्ठी पावसात विरघळलेली. खोक्यावर मार्करनं लिहिलेलं ‘पुस्तकं’ तेवढं शाबूत. पत्ता मिळेल म्हणून उघडलं, तर आत केस.

“बाहेर पुस्तकं लिहायचं आणि आत माणसाचे केस?” कारकून म्हणाला होता. “पोरं घाबरली ना आमची. आत नाव नाही, बिल नाही, साधा कागद नाही. ठेवलं पंधरा दिवस आणि दिलं जाळायला.”

कागद नव्हताच. खोकं कुणीही उघडलं तरी केस कुणाचे ते कळू नये, म्हणून विगवाली आत कधीच काही ठेवत नसे. गिऱ्हाइकाची झाकली मूठ तशीच राहावी, ही तिची पद्धत. आजवर तिला या पद्धतीचा फार अभिमान होता.

रात्री तिनं विक्रेत्यांच्या ग्रुपवर लिहिलं, तर साबणवालीचं लगेच उत्तर आलं : ‘माझी वर्षाला वीस गायब होतात. माफी माग, दुसरं पाठव, मोकळी हो.’ दुसरं कुठून पाठवणार?

“जाळलं,” विगवाली एकदम म्हणाली. फोनवर सांगायचं म्हणून सकाळपासून घोकलेलं सगळं राहिलंच. “माझी चूक झाली. बाहेर पुस्तकं लिहिलं मी.”

बाई बराच वेळ रुमालाची गाठ चाचपत राहिली.

“ते मीच सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांची पार्सलं घेतात आणि दाबून दाबून बघतात. पुस्तकं म्हटलं की त्या ढुंकून बघायच्या नाहीत, म्हणून.”

दोघींना हसू आलं आणि आलं तसं गेलं.

“केस काय, येतील हो परत,” विगवाली म्हणाली. हे ती प्रत्येकीला म्हणायची. “औषध थांबलं, की दोन महिन्यांत—”

“थांबवलंय. गेल्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही.”

विगवालीला जीभ चावावीशी वाटली.

“त्यामुळं येतीलही बोटभर. तेवढा वेळ मिळाला तर,” बाई म्हणाली. “पण मला माझ्या केसांत जायचं होतं हो. शेवटचं बघायला सगळे येतात ना. काकूसुद्धा येतील.”

विगवालीला रडू फुटलं. ते लपवायला ती उठली आणि कपाटाचा खालचा खण उपसू लागली. वेणी विंचरताना आखूड केस गळतात. विगला त्यांचा काही उपयोग नाही, ते फेकायचे असतात. तिचा हात व्हायचा नाही. ऑर्डरचा नंबर टाकून, एकेकीची पुडी बांधून ती ठेवून द्यायची. या बाईची, चौऱ्याऐंशी नंबरची पुडी तळाशी सापडली.

“एवढेच आहेत. यांचा विग नाही व्हायचा.”

बाईनं पुडी उघडून केस तळहातावर घेतले. मूठभरही नव्हते. खिडकीशी जाऊन ती निरखून बघत राहिली.

“पांढरे पण होते की! आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचे, माझा एकही पिकला नाही म्हणून.”

“बसमध्ये उडतील. खोक्यात देते,” विगवाली म्हणाली. तिनं लहानसं कोरं खोकं घेतलं, पुडी आत ठेवली, चारी कडांना चिकटपट्टी मारली. सवयीनं मार्कर उचलला, टोपण काढलं आणि तिचा हात थांबला.

बाईनं तो मार्कर तिच्या हातातून घेतला. खोकं मांडीवर घेऊन तिनं आधी आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘केस. माझे आहेत.’ शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली. मग खोकं छातीशी धरून जिना उतरली, अक्षरं लोकांच्या बाजूला करून.