घरचे ब्रेक

चाकाचे नट मी पुन्हा पान्यानं आवळून पाहिले. पक्के होते. जुनी गाडी गॅरेजला द्यायची सोडून ब्रेकचे पॅड मी पुस्तकात बघून घरीच बदलले होते, आणि आता बायको तीच गाडी घेऊन घाट उतरून माहेरच्या लग्नाला निघाली होती. मला गाडी चालवता येत नाही. लग्नातली गर्दीही सोसत नाही, म्हणून मी घरीच राहणार होतो.

"अगं, वाटेत गॅरेजवाल्याला एकदा दाखवून घे. माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल."

"काय राहिलंय?"

"तेच कळत नाही."

डिकीत बॅग ठेवून ती वळली. "अहो, तो 'बिनधास्त जा, वहिनी' म्हणतो ना, त्याचीच मला भीती वाटते. कुलूप ओढून बघायला जिना चढून परत येणारा माणूस नट ढिला ठेवेल होय?"

तिनं गाडी सुरू केली. फाटकापाशी ब्रेक लागले, गाडी अलगद थांबली. तेवढ्यानं मला बरं वाटायला हवं होतं. मी धावत जाऊन दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसलो.

"आणि लग्नातली गर्दी?"

"घाट उतरण्याआधी नट एकदा बघतो," मी म्हणालो. पाना माझ्या हातातच होता.