सदूशेठ यांच्या स्मरणार्थ

धरणाने तळ गाठला, बदलापूर गावातले नळ आठवडाभर कोरडे पडले, तेव्हा राजूने स्वतःच्या अंगणात फुकट पाण्याचा टँकर आणून उभा केला. टँकरवर बॅनर होतं, 'कै. सदूशेठ यांच्या स्मरणार्थ'. जन्मभर गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेल्या सदूला लेकाने मेल्यावर शेठ करून टाकलं होतं, आणि बॅनरवर बापापेक्षा स्वतःचाच फोटो मोठा लावला होता.

सदूची म्हातारी विठा ओट्यावर बसून नवऱ्याच्या नावाचा तो तमाशा बघत होती. हंडे भरता भरता बायका राजूचं कौतुक करत होत्या. तेवढ्यात राजू मोबाइल रोखून तिच्यापुढे आला आणि तिच्या हातात भरलेला तांब्या दिला.

"आये, बापसाच्या नावाचं पाणी हाय. एक घोट घे, व्हिडिओ टाकायचाय."

 विठाने तांब्या तिथेच उपडा केला.



"आधी तो टँकर बाजूला घे. तुझ्या बापसानं खणलेली विहीर एकाबी दुष्काळात आटली नव्हती. नळ आल्यावर तू भराव टाकून बुजवलीस ती, ह्याच चाकांखाली हाय."