खोकल्याचं प्रकरण

"ह्यो खोकला काढून टाक," चांगदेवनानांनी कागदांच्या चळतीवर बोट आपटलं. "न्हायतर मी सही करनार न्हाय."

हळदीच्या मांडवाबाहेर, फणसाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून हा तंटा चालला होता. आत नानांच्या नातीची, हेमालीची हळद लागत होती आणि इथे क्रांतीचा जीव टांगणीला लागला होता. नानांचं चरित्र लिहायला तिने तीन वर्षं घातली होती. चौलपासून दिघीपर्यंत ती घरोघर फिरली, पण नानांची कॅसेट वाजली नाही असं घर तिला भेटलं नाही. पुस्तक आता छपाईला जायचं होतं. पण नानांची सही झाल्याशिवाय एक ओळही छापणार नाही, असा शब्द तिनेच पहिल्या दिवशी देऊन ठेवला होता. तेव्हा शहाणपणाचा वाटला होता.

'तरीत बसली नवरी' हे नानांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. नवरी तरीत, म्हणजे होडीत बसून खाडीपल्याड सासरी निघते आणि 'मागं राह्यलं माजं घर' अशी ओळ येते. त्या ओळीनंतर, कॅसेटमध्ये, नाना चक्क खोकले आहेत. तेव्हापासून कुठल्याही हळदीत हे गाणं लागलं की त्या जागी अख्खा मांडव खोकतो. लेकीला निरोप देताना बापाचा गळा दाटला, तोच हा खोकला, असं जाणती माणसं सांगतात. क्रांतीने त्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं होतं आणि तिच्या मते पुस्तकात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं.

"गला बिला काय दाटला नव्हता," नाना म्हणाले. "थंड सोडा प्यायलो होतो. परत गातो म्हनलं, तर कंपनीचा शेठ बोलला, टाइम संपला, चालतंय. माजी शंभरावर गानी हायत, बाय. एकात पन सूर हललेला न्हाय. आनि तू मना खोकल्यासाठी अमर करतेस?"

"नाना, लोकांना तोच आवडतो."

"टेपवर हाय म्हनून खोकतात. टेपवरून गेला का इसरतील."

एवढं बोलून नानांनी सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यांचा भाचा शुभम डीजे. मामाच्या हुकुमावरून त्याने गाण्यातला खोकला पुसून टाकला होता. आता त्या जागी नुसती ढोलकी होती.

"आज ह्योच वाजल," नाना म्हणाले. "कोन खोकला, तर तुजं परकरन राहू दे. न्हाय खोकला, तर तुज्या हातानं फाड."

क्रांती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण नानांनी आयुष्यभर माणसं नाचवली होती, माणसांबद्दलचा त्यांचा अंदाज चुकल्याचं तिला तरी माहीत नव्हतं.

मांडवात सगळे नखशिखांत पिवळे झाले होते. शुभमने गाणं लावलं मात्र, ताटावर बसलेली माणसंसुद्धा उठून आली. नाना खांबाला टेकून, हाताची घडी घालून परीक्षकासारखे उभे राहिले. नाचता नाचता एकाने "काका, जरा सरका" म्हणून त्यांना बाजूलाही केलं. ते मुकाट्याने सरकले.

पुसलेलं गाणं खरंच सुरेख लागत होतं. आवाज धुतलेल्या तांदळासारखा स्वच्छ.

मागं राह्यलं माजं घर...

ढोलकी एकटीच वाजली आणि मांडव खोकला.

पाटावरची हेमाली खोकली. तिला हळद लावणाऱ्या बायका खोकल्या. सरबताचा ट्रे घेऊन निघालेला माणूस थांबून खोकला आणि पुढे गेला. ज्याने तो खोकला पुसला होता तो शुभमही मशिनीमागे छातीवर हात ठेवून खोकला. क्रांतीचा स्वतःचा हात छातीवर कधी गेला, हे तिचं तिलाही कळलं नाही.

ती जिंकली होती. पण नानांचा चेहरा पाहिला आणि तिला भरून आलं. ज्या एका चुकीची लाज या माणसाने इतकी वर्षं बाळगली, ती चूक आता त्याच्याही हातात राहिली नव्हती.

"नाना," ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "तुम्हाला नकोच असेल, तर काढते मी ते प्रकरण."

नानांनी हात वर करून तिला गप्प केलं. ते कान देऊन ऐकत होते. गाण्यात ती ओळ पुन्हा आली, मांडव पुन्हा खोकला. नानांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला, मान हलवली, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"उशिरा," ते म्हणाले.

"काय?"

"उशिरा खोकतात सगले. ढोलकीची थाप पडते तवा, समंवर खोकतात. माजा समंच्या आधी होता, अर्धी मात्रा." त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. "त्ये नीट लिव त्या परकरनात. न्हायतर पुढची मानसं चुकीचंच खोकत रातील."