पायगुण

एक्याण्णव साली लग्न होऊन मी नवीन पनवेलच्या घरात आले आणि दोन महिन्यांत काचेच्या टाकीतले सात गोल्डफिश मेले. त्याआधी वर्षभर एकही मेला नव्हता, हे सासूबाई येईल त्याला सांगायच्या. सातवा मेला त्या दिवशी त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "वरद, हिला महिनाभर माहेरी पाठव. मासे जगतात का बघू."

वरदने बॅग काढून दिली. मी ती तशीच ठेवली आणि गोल्डफिश विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले. त्याने एकच विचारलं, "टाकीत पाणी कशातलं घालता?"

घरी येऊन मी स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा सासूबाईंसमोर आणून ठेवला.

"आई, टाकीत आपण यातलंच पाणी घालतो. रात्रभर यात राहिलेलं पाणी आपल्याला चांगलं, पण माशांना ते विष आहे."

मी हंडा त्यांच्याकडे सरकवला.

"तुमचं बरोबर आहे. मासे मी आल्यापासूनच मरतायत. हा हंडाही माझ्याबरोबरच आला. लग्नाच्या याद्या करताना तुम्ही माझ्या वडिलांकडून हट्टाने मागून घेतलात."

मग मी वरदकडे वळले.

"माहेरी हंडा जाईल. मी इथेच राहणार आहे."