उत्तरेच्या स्टँडमधला आवाज

"समोरून सरक, पोरा. गोल दिसत नाहीय मला."

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याचं ऐकून तोकिएदा अर्धं पाऊल बाजूला झाला. मैदानाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, एवढीच त्याची नोकरी. त्याच्या पाठीमागे उमिनेको फुटबॉल संघ विजेतेपदासाठी खेळत होता आणि त्याला वळून बघायची सोय नव्हती. सामना कसा चाललाय ते तो लोकांच्या डोळ्यांवरून ओळखत होता. बाकी चेहरे मास्कआड होते.

साथीच्या त्या वर्षात जपानभर स्टेडियममध्ये ओरडायला बंदी होती. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, तोंड उघडू नका. गेल्या सामन्यात याच उत्तरेच्या स्टँडमधून कुणीतरी ओरडलं आणि एवढ्या नावाजलेल्या क्लबची नाचक्की झाली. आज पुन्हा आवाज आला तर ओरडणाऱ्याला कायमची प्रवेशबंदी, आणि तो सापडला नाही तर सगळा स्टँडच बंद, असं वरून बजावलं होतं. सुरक्षाप्रमुख मिझुशिमाबाईंनी सकाळीच तोकिएदाला बाजूला घेऊन एक नाव सांगितलं होतं. कुरोइवा.

नाव अगदी बरोबर होतं. या स्टँडला ओरडायला शिकवलं ते याच म्हाताऱ्याने. तोकिएदाही शाळेत असल्यापासून त्याच्या ढोलामागे उभा राहून घसा फोडत आला होता. यंदा तिकिटं निम्मीच निघाली, सोडतीत तोकिएदाचं नाव लागलं नाही, म्हणून त्याने पहारेकऱ्याचं जाकीट चढवलं. कसं का होईना, आत तर असू. आता आपल्याच गुरूवर नजर ठेवायची त्याला लाज वाटत होती. पण स्टँड बंद होऊ द्यायचा नव्हता.

बरोबरीने भागणार नव्हतं, जिंकायलाच हवं होतं. पंचांनी वाढवून दिलेला वेळही संपत आला. कुरोइवा उठून उभा राहिला. त्याच्या गळ्याची शीर थडथड उडताना तोकिएदाला दिसली.

"कुरोइवा-सान, सांभाळा हं. थोडाच वेळ राहिलाय."

"माझी काळजी सोड. तू जरा श्वास घे."

इतक्यात मागून चेंडूवर बूट बसल्याचा दणका आला. समोरच्या रांगांमधले सगळे डोळे एकदम डावीकडे वळले, थांबले आणि विस्फारले. गोल झाला होता. कुणी न सांगता तोकिएदाला ते कळलं आणि क्षणभर त्याचं भान हरपलं.

आणि आवाज फुटला. त्यात शब्द नव्हता, नुसती भसाडी, मोकळी आरोळी. साऱ्या स्टँडभर ती घुमली.

टाळ्या विरल्या. माना या बाजूला वळल्या.

"कोण ओरडलं?" वॉकीटॉकीवर मिझुशिमाबाई विचारत होत्या. "तोकिएदा, तुमच्याच बाजूने आवाज आलाय. माणूस हवाय मला, आत्ता."

तोकिएदाने कुरोइवाकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर तो उभा होता, मास्क नाकावर घट्ट. पटकन वर ओढला असणार. आजूबाजूचे लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. तोकिएदाच्या नजरेला कुणी नजर देईना.

"कुरोइवा-सान," त्याचा आवाज बसला होता. "तुम्ही होतात?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने एकदा सगळ्या स्टँडवरून नजर फिरवली आणि कमरेत वाकला.

"हो. मीच ओरडलो. राहवलं नाही."

तोकिएदाने तसं वर कळवलं आणि त्याला घेऊन जिना उतरू लागला. त्याला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"एवढी कळ काढता आली नाही तुम्हाला?" तो म्हणाला. "आता शनिवारी कुठे जाल? घरात बसून काय कराल?"

कुरोइवा नुसता हसला. वर शिट्टी झाली, टाळ्यांनी छत दणाणलं. संघ जिंकला होता. खालच्या बोळात दुसऱ्या टोकाकडून मिझुशिमाबाईंच्या बुटांची टकटक जवळ येऊ लागली, तसा म्हातारा थांबला आणि तोकिएदाच्या कानाशी वाकला.

"बाई येतायत. आधी तुझा मास्क वर घे. ओरडताना हनुवटीखाली गेला, तो अजून तिथेच आहे."